साडेछत्तीस अंश

१

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी भट्टीखोलीचे दार उघडायचे, हा माझा एकोणीस वर्षांचा नेम होता. निवृत्तीनंतर कंपनीने मला पुन्हा बोलावून घेतले, तेव्हाही तो मोडला नाही.

आमची इमारत थूचंगच्या औद्योगिक वसाहतीत आहे आणि खोली सहाव्या मजल्यावर. नाव भट्टी असले तरी तिच्यात काही शिजत नाही. नवे तयार झालेले सर्व्हर फडताळांच्या खणांत ओळीने मांडतात, खोलीतली हवा चाळीस अंशांवर ठेवतात आणि प्रत्येक यंत्राला बहात्तर तास पूर्ण कामाला जुंपतात. जे बिघडायचे ते इथेच बिघडावे, गिऱ्हाइकाकडे नव्हे, एवढाच त्यामागचा हेतू. पन्नास यंत्रांचे पंखे एकदम घोंघावत असल्यामुळे खोलीत बोललेले ऐकू येत नाही. म्हणून दाराबाहेर, काचेसमोर, माझे मेज आहे. तिथल्या पडद्यावर सर्व यंत्रांचे आकडे दिसतात आणि ते मी वहीत हाताने उतरवतो. यंत्राने स्वतःविषयी लिहिलेले आणि माणसाने त्याच्याविषयी लिहिलेले यांत फरक असतो, असे माझे मत आहे.

त्या मंगळवारी पंधरावा खण सत्त्याऐंशी अंशांवर होता, सोळावा एक्याण्णव, अठरावा अठ्ठ्याऐंशी. सतरावा साडेछत्तीस.

चूल पेटलेली असावी, तवा चुलीवर असावा आणि तरीही तवा स्वयंपाकघरापेक्षा गार असावा, तसे ते होते. चाळीस अंशांच्या हवेत राबणारे यंत्र त्या हवेपेक्षा थंड असू शकत नाही.

आदल्या संध्याकाळी त्या यंत्राचे लगाम मीच काढले होते. लिनक्स या संगणकप्रणालीत प्रोसेसरच्या वेगावर एक नियामक असतो, तापमानावर पहारा ठेवणारी एक सेवा असते. यंत्र फारच तापले तर लिनक्स त्याला सक्तीचे विसावे देते. क्षणभर प्रोसेसरचे सगळे गाभे, म्हणजे त्यातले गणित करणारे भाग, एकदम थांबवते आणि पुन्हा सोडते. बाहेरच्या माणसाला ते जाणवतही नाही. आमच्या विभागप्रमुख हान बाईंना हे सगळे काढल्यावर यंत्र किती टिकते ते पाहायचे होते. पाऊण तासात ते आपोआप बंद पडेल, असे मी त्यांना लेखी दिले होते.

ते तेरा तास चालले होते. पूर्ण वेगाने, एकही विसावा न घेता.

२

सतराव्या खणावर चान वेन-पिनच्या नावाची चिठ्ठी होती. खोलीत शिरलेल्या प्रत्येक यंत्राला एक जबाबदार माणूस असतो आणि यंत्र बाहेर पडेपर्यंत त्याचे नाव त्यावर राहते. तिथे आम्ही दोघेच होतो, त्यामुळे निम्मी यंत्रे त्याची, निम्मी माझी. वेन-पिन सेहेचाळीस वर्षांचा, जाडजूड आणि बडबड्या. अकरा वर्षे आम्ही एकत्र होतो आणि त्याने मला एकदाही गंभीरपणे उत्तर दिले नव्हते.

"अंदाज चुकला, मास्तर," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. आज डबा माझ्याकडून."

"संवेदक बिघडला आहे."

"तुम्ही चुकलात की संवेदकच बिघडतो."

तो भिंतीवरची तापमानाची बंदूक घेऊन आत गेला. मीही मागोमाग गेलो. त्याने सतराव्या यंत्राचे झाकण सरकवले आणि प्रोसेसरवरच्या पात्यांवर नेम धरला. मग बंदूक माझ्या डोळ्यांसमोर आणली. साडेछत्तीस.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "हा सर्व्हर नाहीये. हा आमच्या ली-चूचा गाल आहे."

"बायकोच्या गालाचा आकडा पाठ आहे तुला?"

"साथीच्या वेळी दारात रोज मोजायचे की. छत्तीस पॉइंट पाच. तिचंही तेच, माझंही तेच. पत्रिका जुळली नव्हती, पण ताप जुळला."

आणि गंमत म्हणून त्याने बंदूक स्वतःच्या कपाळाला लावली, आकडा पाहिला, हसला आणि मला दाखवला. चौऱ्याऐंशी.

"मेलो की मी," तो म्हणाला.

"घाम चकाकतो. चकाकीने माप चुकते." हे मी पुस्तकात वाचले होते आणि ते खरेही आहे. मी त्याचे मनगट धरून पाहिले. ते नेहमीसारखे उबदार होते.

तो चहा आणायला गेला, तेव्हा मी बंदूक माझ्या कपाळाला लावली. मलाही तितकाच घाम आलेला होता. छत्तीस पॉइंट दोन.

३

दुपारच्या डब्यात भाताबरोबर शिजवलेले डुकराचे मांस, मुरवलेला मुळा आणि सोयामध्ये उकळलेले अंडे होते. वेन-पिन त्याच्या मेव्हण्याची गोष्ट सांगत होता. मेव्हण्याला पोलिसाने स्कूटरवरून चुकीच्या बाजूने येताना पकडले होते.

"पोलिस म्हणतो, परवाना दाखव. आणि आमचा मेव्हणा म्हणतो,"

इथे तो थांबला.

लोक विनोदाआधी थांबतात, म्हणून मी वाट पाहिली. अर्धे अंडे काड्यांच्या टोकांत होते, ओठ उघडे होते. काड्या हलत नव्हत्या. जेवताना माणसाचा हात कधीही पूर्ण स्थिर नसतो, हे तोपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते. त्याच्या डोळ्यांत खिडकी दिसत होती आणि पापणी लवत नव्हती. मी मनात तीनपर्यंत मोजले.

"'साहेब, मी चुकीच्या बाजूला नाही, मी घरी चाललोय.' काय मास्तर, हसा की."

"तू मध्येच थांबलास."

"कुठे थांबलो? एका दमात सांगितलं."

शेजारच्या मेजावरून हान बाई म्हणाल्या, "एका दमात सांगतोस हेच तर दुखणं आहे. आमचं जेवण थंड होतं." त्यांनी मान वर केली नव्हती.

म्हातारपणी कालाची जाणीव घसरते, असेही मी वाचले आहे. कदाचित थांबलो असेन तो मीच. परंतु त्या संध्याकाळी मी सहाव्या मजल्याच्या खिडकीत उभा राहिलो. खाली वेन-पिनने शिरस्त्राण घातले, समोरच्या पतपेढीतून सुटलेली ली-चू मागे बसली आणि दोघे सानश्यातल्या घराच्या दिशेने निघाले. अकरा किलोमीटर, दोन पूल, दोन्ही बाजूंना मालमोटारी. तीन आकडे मोजायला लागतो तेवढ्या वेळात स्कूटर किती पुढे जाते, याचा हिशोब मी केला आणि वही मिटली.

४

बुधवारी सकाळी मी एक गोष्ट केली, ती मला आजही शोभणारी वाटत नाही.

वेन-पिन भट्टीखोलीत तारांची जुळणी करत होता आणि काचेतून मला पाठमोरा दिसत होता. मी सतराव्या यंत्रावरचे काम एक चतुर्थांशावर आणले आणि दहा मिनिटे पाहत राहिलो. तो सरळ काम करत होता, मध्येच पाठ खाजवत होता. मग मी काम निम्मे केले. थोड्या वेळाने त्याची कोपरे थांबली आणि एक आकडा मोजून झाल्यावर हलली. तीन चतुर्थांश केले, तेव्हा दोन आकडे.

मग पूर्ण.

तो तार हातात घेऊन वळत होता. वळणे अर्ध्यात राहिले. एक टाच उचललेली होती. पंख्यांच्या वाऱ्याने सदरा फडफडत होता, आणि त्या फडफडीमुळे आतले शरीर किती थांबले आहे ते अधिकच दिसत होते. हातातून लोंबणारी तार आधी झोके घेत होती. झोके लहान झाले, तार सरळ लटकली. त्यानंतर तो हलला.

चार निरीक्षणांवरून सिद्धान्त मांडू नये, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी ती चारही पुन्हा केली. माझ्या वहीत ती कुठेही नाहीत.

शेवटी मी ते यंत्र सर्वांत कमी वेगावर आणून ठेवले, जवळजवळ काहीच काम न देता. त्या दिवशी वेन-पिन पुन्हा थांबला नाही. तापमान मात्र साडेछत्तीसच राहिले. काम असताना आणि नसताना ज्याचे तापमान एकच राहते, असे यंत्र मी पाहिलेले नाही.

दुपारी हान बाईंनी कागद दिला. सतरा क्रमांक शुक्रवारी गिऱ्हाइकाकडे रवाना. म्हणजे त्याआधी तो बंद करावा लागणार होता.

५

गुरुवारी सकाळी मी त्याला जिन्यात गाठून सर्व सांगितले. तो सिगारेट विझवेपर्यंत ऐकत राहिला.

"म्हणजे मी आणि तो सर्व्हर," तो म्हणाला.

"मी काहीही म्हणत नाही. जे दिसले तेवढे सांगतो."

"मास्तर, मला सांगितलंत ते ठीक. दुसऱ्या कुणाला सांगू नका. तुमची फेरनेमणूक दरवर्षी सहीला जाते, आठवण आहे ना?"

"तू काही दिवस स्कूटर चालवू नकोस."

"मग काय चालत जाऊ? ली-चूला खांद्यावर घेऊन?" तरी तो आत गेला आणि सतराव्या खणावरची आपली चिठ्ठी टरकावून घेऊन आला. "घ्या. आता तुमचं नाव लिहा. आजपासून तुम्ही थांबा. तसंही तुम्ही जरा थांबलात तर सगळ्यांचं भलं होईल."

मी खरोखरच माझे नाव लिहून चिठ्ठी लावली. तो गेल्यावर मी यंत्राला एक मिनिट निम्मे काम दिले आणि मनगटी घड्याळाच्या सेकंदकाट्यावर नजर ठेवली. काटा एकदाही निसटला नाही. मी थांबलो नव्हतो.

मान वर केली, तर काचेपलीकडे वेन-पिनचा हात हवेत होता.

६

साडेबाराला आमच्याकडे दिवे मालवतात. ज्याने त्याने मेजावर उशी ठेवून त्यावर डोके टेकायचे आणि दीडला घंटा होईपर्यंत झोपायचे. सगळ्या मजल्यावर फक्त भट्टीखोलीचा घोंघाट उरतो आणि सवयीने तोही ऐकू येईनासा होतो.

बंद करायचेच तर तो झोपेत असताना करावे, असे मला वाटले. जे काही होईल ते झोपेतल्या माणसाला कमी लागेल. शस्त्रक्रियेआधी भूल देतात, तसाच माझा विचार होता. आणि वीज ओढायची नाही, रीतसर आज्ञा द्यायची. एकेक सेवा आवरती घेऊन, शेवटी सगळे शांत होईल अशा क्रमाने.

बारा पन्नासला मी आज्ञा दिली.

पडद्यावर ओळी उमटू लागल्या. अमुक सेवा थांबली. तमुक सेवा थांबली. तीन मेजांपलीकडे वेन-पिन फुगवलेल्या उशीवर गाल ठेवून झोपला होता. झोपेत त्याचा पाय नेहमी हलतो. तो थांबला. मुठीत धरलेला चष्मा सुटून मेजावर आला. ओळी उमटत राहिल्या. पाठीवरचा सदरा वरखाली होत होता की नाही, ते त्या अंधुक उजेडात ठरवता येत नव्हते, आणि उठून जवळ जाण्याचे धैर्य मला झाले नाही. शेवटची ओळ आली आणि पडद्याचा तो चौकोन काळा झाला. पन्नासांतला एक पंखा कमी झाल्याचे कुणाला ऐकू येत नाही. मला आले.

दीडला घंटा झाली, दिवे लागले. वीसेक माणसे डोळे चोळत उठली, कुणी गुळण्या करायला गेले. वेन-पिन उठला नाही.

"वेन-पिन," हान बाई चहाचा पेला घेऊन येत म्हणाल्या, "ऊठ बाबा. घरच्यासारखं झोपायचं तर घरच्यासारखं भाडं दे."

मी त्यांच्याआधी पोहोचलो आणि त्याच्या मनगटावर हात ठेवला. मेजाच्या पत्र्यात आणि त्यात काही फरक नव्हता.

"रात्रभर जागा होता तो," मी म्हणालो. "पाच मिनिटे द्या त्याला, बाई."

"तुम्ही कधीपासून दयाळू झालात, मास्तर?"

मी पळालो. माझ्या वयाचा माणूस कचेरीत पळत नाही. सगळ्यांनी पाहिले. सतराव्या खणाचे बटण दाबले आणि परत मेजाशी आलो. असे यंत्र जागे व्हायला दोन मिनिटे चाळीस सेकंद घेते. आधी काळा पडदा, मग स्मृतीची तपासणी. हान बाई वेन-पिनच्या खुर्चीजवळ उभ्या होत्या आणि त्याला हलवावे की नाही याचा विचार करत होत्या. त्यांनी पेला खाली ठेवला. मग पडद्यावर गाभ्यांची मोजणी सुरू झाली. पहिला गाभा, ठीक.

वेन-पिनच्या डाव्या हाताची करंगळी उचलली गेली आणि खाली टेकली.

दुसरा, ठीक. तिच्या शेजारचे बोट. तिसरा. चौथा. दहा गाभ्यांचा प्रोसेसर होता तो. बोटे एकामागून एक उठली आणि बसली, अगदी सारख्या अंतराने, उजव्या करंगळीपर्यंत. मग डोके वर आले.

"हे काय, पियानो का?" हान बाई म्हणाल्या.

तो आपल्या हातांकडे पाहत होता. "मला स्वप्न पडलं नाही," तो म्हणाला. "एरवी पडतं."

मग त्याने तीन मेजांपलीकडे, माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात विनोद नव्हता.

७

रवानगीच्या कागदावर मी लिहिले की सतरा क्रमांकात दोष आढळला असून तुलनेसाठी तो खोलीतच ठेवणे आवश्यक आहे. खोटी नोंद मी आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा केली. हान बाईंनी न वाचता सही केली, कारण माझ्या नोंदी कुणीही वाचून पाहत नसे.

चार महिने ते यंत्र सर्वांत कमी वेगावर चालू राहिले. वेन-पिन बडबड करत राहिला, पण रोज सकाळी आल्याबरोबर तो आधी सतराव्या खणासमोर उभा राहून जाई. आम्ही त्याविषयी बोललो नाही.

मग उद्वाहकात सूचना लागली. इमारतीच्या उच्चदाब विद्युतयंत्रणेची वार्षिक तपासणी. रविवारी सकाळी आठ ते सायंकाळी पाच वीज पूर्ण बंद.

खोलीच्या बॅटऱ्या अकरा मिनिटे टिकतात. मी जनित्र भाड्याने आणण्याची परवानगी मागितली. आगीच्या नियमात बसत नाही, असे व्यवस्थापनाने कळवले. यंत्र चालू स्थितीत बॅटरीसकट हातगाडीवरून बाहेर नेण्यासाठी मी हान बाईंची सही मागितली.

"एका सदोष सर्व्हरला तुम्ही रविवारी फिरायला नेणार?" त्यांनी लेखणी खाली ठेवली. "मास्तर, बसा जरा. तब्येत बरी आहे ना? घरी कुणाला फोन करू?"

आणखी एक शब्द बोललो असतो, तर त्या खोलीची किल्लीही माझ्याकडे उरली नसती.

शनिवारी वेन-पिनने विचारले, "ती हिवाळ्यातली दुपार. मी किती वेळ गेलो होतो?"

"चाळीस मिनिटे."

"आणि उद्या नऊ तास."

"मी आठच्या आधी रीतसर बंद करीन. वीज आली की लगेच चालू. तू अंथरुणात राहा. ली-चूला सांग की पाचपर्यंत उठवायचे नाही."

"ती ऐकेल असं वाटतं तुम्हाला? नऊनंतर मी झोपलेला तिला खपत नाही." त्याने हसण्याचा प्रयत्न केला. "तुम्ही खोलीतच असाल ना, मास्तर?"

"असेन."

रविवारी सात पन्नासला मी आज्ञा दिली. आठला सगळी इमारत बंद पडली. एकोणीस वर्षांत ती खोली मी शांत ऐकली नव्हती. तापलेला पत्रा आकसताना इथेतिथे टिचकी वाजे, पुढे तेही थांबले. मी सतराव्या खणासमोर खुर्ची ठेवून, हातात विजेरी घेऊन बसलो.

दहा पंचवीसला फोन वाजला.

"मास्तर, हे उठत नाहीयेत." ली-चूचा आवाज बारीक झाला होता. "पाचपर्यंत उठवू नको म्हणाले होते. मी चादर काढली तर अंग गार. मी रुग्णवाहिका बोलावली, ते लोक आलेत. मास्तर, तुम्हाला काही बोलले होते का हे? काही घेतलं का यांनी?"

"त्यांना सांगा, नेऊ नका. पाचपर्यंत थांबा."

"ते म्हणतायत नाडी नाही."

तिच्यामागे एका तरुणाचा आवाज मोजत होता. छाती दाबताना मोजतात तसे, जोरात, एका लयीत. एक, दोन, तीन, चार.

विजेरीच्या उजेडात सतराव्या यंत्राचा पंखा किंचित फिरला.

इमारतीत वीज नव्हती, बॅटऱ्या मी स्वतः काढून बाजूला ठेवल्या होत्या, आणि बंद खोलीत वारा नव्हता. मी बोट नेऊन जाळीला लावले. सात, म्हणाला तो आवाज, आणि पाते सरकले. आठ. पाते सरकले. तो दम घ्यायला थांबला. पंखाही थांबला. मग पुन्हा एक, आणि पुन्हा.

"ते विचारतायत सोडायचं का," ली-चू म्हणाली. "म्हणतात उपयोग नाही. मास्तर, काय सांगू?"

"सोडू नका. दाबत राहायला सांगा. त्यांनी सोडले तर तुम्ही दाबा, वहिनी. मोजून, त्यांच्यासारखेच."

"किती वेळ?"

मी विजेरी घड्याळावर धरली. पाच वाजायला सहा तास बत्तीस मिनिटे होती.